दाराशी टेकवलेली कुदळ

१४ ऑगस्ट २०१७

ही वही लेकीने कंपालाहून पाठवली. सोबत निरोप, "आई, तू दिवसभर कुणा ना कुणाला फैलावर घेतेस, त्यातलं थोडं कागदावर घे." बरं. घेते.

गुडघ्यांनी शाळा सोडायला लावली. फळ्यापाशी उभं राहवेना. आता नवऱ्याची जमीन आहे, भुईमूग आणि तीळ आहे, आणि डोक्यात एक खूळ आहे, दोन्ही भाजून, वाटून त्याचा गोळा डब्यात भरून मोयोच्या बाजारात विकायचा. माझी जाऊ अमानियो म्हणते, "मुलांना पाढे शिकवणारीने व्यापार करू नये, गिऱ्हाईकालाही छडी दाखवशील." तिचं तोंड म्हणजे सुटलेलं वासरू.

खुरपणीला बायका लागणार. गुडघे माझे हे असे.

२२ ऑगस्ट

लढाईमुळे सीमेपलीकडून पळून आलेल्या लोकांची वस्ती आता आमच्या ओढ्यापर्यंत पोचली आहे. जिथे शेळ्या चरायच्या तिथे पांढऱ्या ताडपत्र्या. सकाळी बायका कुदळी खांद्यावर टाकून दारोदार विचारत फिरतात, काम आहे का, काम आहे का. पूर्वी खुरपणीची मजुरी आमच्या अमानियोसारख्या बायकांची होती. आता या त्याच कामाला निम्म्यात तयार होतात. अमानियो जळफळते. मी म्हटलं, त्यांनी काय खावं मग? ती म्हणाली, "आणि मी?" मी चहा ठेवला.

२९ ऑगस्ट

आज एक वेगळीच बाई आली. जोकुडु नाव. सीमेपलीकडच्या काजो-केजीची, कुकू जमातीची. उंच, काटक, समोरच्या दातात फट. सोबत म्हातारी आई आहे म्हणाली, पोनि, डोळ्यांनी अधू. नवरा इकडे पळून येताना रस्त्यात गेला. कसा ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दिवसभर खुरपलं. काय हात आहे बाईचा! तण उपटून मुळं आभाळाकडे करून टाकते, म्हणजे पुन्हा धरत नाही. संध्याकाळी मजुरी पुढे केली तर माझी मूठ मिटवून तिने माझ्याचकडे सरकवली. "राहू दे, ताई. मी फक्त जेवते." जेवली पोटभर, भांडं घासून पालथं घातलं आणि गेली.

मला गहिवरून आलं. जगात अजून चांगली माणसं आहेत.

११ सप्टेंबर

जोकुडु चौथ्यांदा येऊन गेली. मजुरी घेत नाही म्हणजे नाहीच. इतर दिवशी ती रस्त्यापलीकडच्या मळ्यात रोखीने राबते, तिथे घासाघीस करून एकेक नाणं मोजून घेते म्हणे. माझ्याकडेच फुकट! मी माझा जुना निळा झगा दिला, तोही घेतला नाही. थोडं लागलं मनाला. पण माया म्हणतात ती हीच असावी.

अमानियोला सांगितलं तर म्हणाली, "फुकट कोण राबतं, वहिनी? तिच्या पोटात काहीतरी आहे."

"तुझ्या पोटात आहे ते. मत्सर."

"असू दे. पण बघशील तू."

२ ऑक्टोबर

अमानियोचं तोंड बंद करायची युक्ती सापडली. तिच्या तिळात गुडघाभर गवत माजलं होतं. मी जोकुडुला म्हटलं, "जा गं, हिचंही दोन दिवस करून दे." मला वाटलं कपाळाला आठी पडेल. कुठलं काय! चेहरा उजळला तिचा. "हिचंही? खरंच, ताई?" म्हणाली, जसं काही मीच तिला काही दिलं. शेजारच्या आणखी दोघींकडेही ती स्वतःहून विचारून गेली, त्यांचंही केलं. त्या दोघी मला दुवा देतात. अमानियो गप्प आहे, म्हणजे खूश आहे.

आमच्याकडे इर्जिक घालतात. चार जणींना बोलवा, खायला-प्यायला घाला, काम उरकून घ्या, सगळे आपापल्या घरी, कुणी कुणाचं देणं लागत नाही. हिची तर इर्जिकही न बोलावता.

१९ ऑक्टोबर

आज खुरपताना मी बांधावर बसून तिच्याशी गप्पा मारत होते. मी म्हटलं, मीही तुझ्या मुलखात राहिले आहे. लढाईत आमचा सगळा गाव नदीकाठाने पळत तुमच्याकडे आला होता, मी दहाएक वर्षांची. ती हात थांबवून बघत राहिली. "मग तुला आमच्याकडची रीत माहीत असेल, ताई." मी म्हटलं, "माहीत नसायला काय झालं, माझं निम्मं बालपण तिथलं." ती समाधानाने पुन्हा कामाला लागली.

घरी येताना आईची एक गोष्ट आठवली. तिथे असताना आई दिवसभर एका कुकू बाईच्या शेतात राबायची. एकदा संध्याकाळी ती आपली कुदळ त्या बाईच्या दाराशी विसरून आली. मी म्हटलं, आई, कुदळ? तर म्हणाली, राहू दे. आणि दुसऱ्या दिवशी उजाडता ती बाई कुदळ परत करायला आली, तीही एकटी नाही, दहा-बाराजणींना घेऊन. आल्याच आहोत तर म्हणून त्यांनी आमचा तुकडा खणूनही दिला! अशी ती माणसं. आमची आई मात्र विसराळू, मीठ कुठे ठेवलं तेही तिला आठवत नसे.

४ डिसेंबर

पीक घरात आलं. शेंगा चांगल्या भरल्यात. निम्मं श्रेय जोकुडुचं, हे मी चारचौघांत बोलून दाखवते.

तिच्या वस्तीत मदतवाल्यांनी वाटपाचं धान्य कमी करून टाकलंय. पूर्वी महिना निघायचा, आता पंधरवड्यात पोतं झटकावं लागतं. बायका चोरवाटांनी पलीकडे जातात, आपापल्या सोडलेल्या शेतातले कसाव्याचे कंद उपटून डोक्यावर आणतात. काही येतात, काही येत नाहीत. झाडीत बंदुका घेऊन फिरणारे कुणाचे कोण, त्यांनाच माहीत नसेल. मी जोकुडुला म्हटलं, "तू नको जाऊस हं. माझी शपथ."

"इथे शेत मिळालं तर कशाला जाऊ, ताई? आईला टाकून?"

१८ जानेवारी २०१८

आज मी एक चांगलं काम केलं. आमच्या भावकीतल्या वुनीकाकांची ओढ्याकाठची झाडोऱ्याची पट्टी पडीक आहे. मी जाऊन म्हटलं, जोकुडुला करू द्या, एका हंगामापुरती. काका सुपारी चावल्यासारखं तोंड हलवत बसले, मग म्हणाले, "पहिल्या पावसाआधी खणून, पेरून दाखवली तर तिची. नाही तर मी विटा पाडणाऱ्याला देतो. तो आत्ताच मागतोय."

जोकुडु धावत पट्टी बघून आली. मुळं, वारुळं, कंबरभर गवत. मी म्हटलं, "एकटीच्याने होईल का गं?"

"एकटी कशाला?" ती हसली. दातातली फट दिसली. "तुम्ही आहात ना."

मला इतकं बरं वाटलं. आहोतच आम्ही.

२६ फेब्रुवारी

गोळ्याचे पहिले डबे मोयोत हातोहात खपले. एका व्यापाऱ्याने मार्चच्या चौथ्या शुक्रवारसाठी मोठी मागणी घातली आहे. भाजायला दुसरी चूल लागणार, मोठी, जमिनीत खणलेली. जोकुडु मध्ये मध्ये येऊन शेंगा फोडते. पट्टीवरचं गवत जाळून तिने मोकळी केली आहे. खणायचं बाकी. मी विचारलं, कधी? ती म्हणाली, तुमची घाई संपू दे, मग मी सांगेन.

समजूतदार बाई.

२२ मार्च

ढग येऊ लागलेत. संध्याकाळी बाजारातून आले तर दाराशी जोकुडुची कुदळ. पातं वर करून भिंतीला टेकवलेली, धुतलेली, पात्याला शियाच्या बियांचं तेल लावून चकचकीत केलेलं. बाई कुठे दिसली नाही. सकाळी शेंगा फोडून गेली तेव्हा विसरली वाटतं. विसराळूपणा त्या मुलखाच्या पाण्यातच आहे, आमच्या आईलाही तिथेच लागला! हसू आलं. रात्री कुणी उचलून नेईल म्हणून घरात घेतली.

२३ मार्च

काय दिवस! पहाटेपासून धूर. दुसरी चूल खणायला माझी कुदळ बोथट, म्हणून जोकुडुचीच घेतली. लोण्यात सुरी चालावी तशी चालली. अमानियो आणि शेजारच्या दोघी मदतीला होत्या. दुपारपर्यंत डबे भरले.

डबे घेऊन हमरस्त्याकडे निघालो तर वाटेत ओढ्याकाठी जोकुडुची पट्टी. झाडाखाली चूल, चुलीवर हे एवढं मोठं हंडं. शेजारी क्वेतेची, घरच्या मक्याच्या दारूची, घागर, पानांवर ओळीने पालथे घातलेले वाडगे. सुक्या मासळीचा वास सुटलेला. म्हातारी पोनि झाडाला टेकून बसली होती, जोकुडु उभी होती आमच्या वाटेकडे बघत. आणि हेच लोक म्हणतात धान्य पुरत नाही! पंधरवड्याचा शिधा एका हंड्यात घातला असणार.

मी ओरडून म्हटलं, "काय गं, आज मेजवानी? कुणी पाहुणे यायचेत की काय?"

ती आमच्याकडे बघत राहिली. आमच्या हातांकडे, डोक्यावरच्या डब्यांकडे. मग म्हणाली, "बसा ना, ताई. खाऊन जा."

"अगं व्यापारी थांबलाय! आणि तुझी कुदळ माझ्याकडे आहे हं, विसरून गेलीस. चूल खणली मी तिने. काय धार आहे!"

"बरं झालं," ती म्हणाली. आणि हंड्यावर झाकण ठेवलं.

व्यापाऱ्याने सगळे डबे घेतले. आजचा दिवस सोन्याचा.

६ एप्रिल

जोकुडु आली नाही. निरोप पाठवला, तरी नाही. बियाणं निवडायचं पडलंय. कुदळही न्यायला आली नाही. अमानियो म्हणते, "सांगितलं होतं ना, पोटात काहीतरी आहे. पट्टी मिळाली, काम झालं." गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय. मी तिच्यासाठी वुनीकाकांच्या पायऱ्या झिजवल्या. माणूस ओळखण्यात मी अजून कच्चीच.

१२ एप्रिल

पाऊस सुरू झाला. वाटेने जाताना पट्टी पाहिली. एका कोपऱ्यात चार हात खणलंय, कसल्या तरी फुटक्या पात्याने ओरबाडल्यासारखं. बाकी सगळं तसंच. वुनीकाका भेटले. म्हणाले, "तुझी ती बाई काही पेरत नाही. वीटवाल्याला हो म्हणू?" मी म्हटलं, "मला काय विचारता, तुमची जमीन." रागात बोलले.

जोकुडु रस्त्यात दिसली, लांबून. मी हाक मारली नाही. तिनेच मान लववली आणि पुढे गेली. किती वाळली आहे.

३० एप्रिल

लिहवत नाही. वस्तीतल्या काही बायका परवा पलीकडे गेल्या होत्या, कसावा आणायला. नाल्यापाशी गोळ्या सुटल्या. बाकीच्या परत आल्या. जोकुडु नाही आली.

तिच्याच शेताच्या बांधावर पुरलं म्हणतात, घाईघाईत, हातांनी. तिने उपटलेल्या कसाव्याचं गाठोडं बरोबरच्यांनी म्हातारीला आणून दिलं.

मी शपथ घातली होती तिला. गेलीस कशाला गं? शेत होतं ना तुला इथे?

३ मे

समाचाराला गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून तीळ घेतले, आणि तिची कुदळ. तिची वस्तू तिच्या घरी पोचावी एवढंच मनात.

ताडपत्रीखाली बायका जमिनीवर बसल्या होत्या. मी पोनिआजीपुढे बसले, आणि कुदळ तिच्या हाताला लावली. म्हातारीने दांड्यावरून बोटं फिरवली, पात्यावरून फिरवली. बराच वेळ.

"आत्ता आणलीस होय?"

"आजी, ती विसरून गेली होती. मी जपून—"

"विसरली?" ती हसली, की तिला ठसका लागला, कळलं नाही. "माझी लेक कुदळ विसरेल? तेल लावून ठेवली होती तिने. त्या दिवशी मी सकाळपासून कान लावून बसले होते. ती म्हणत होती, पुढे ताई असेल, माझी कुदळ तिच्या हातात, मागे तिची जाऊ, मागे शेजारणी. ताईला रीत माहीत आहे, म्हणाली, ती आपल्याकडे वाढली आहे."

मी विचारलं, कसली रीत? विचारताना मला कळलं होतं.

"सावड गं. तू तिच्या शेतात, ती तुझ्या शेतात. आपला दिवस आला की ज्यांच्याकडे राबलो त्यातल्या थोरलीच्या दाराशी कुदळ ठेवून यायची. ती बाकीच्यांना घेऊन उजाडता येते."

"मग बोलली का नाही ती? एका शब्दाने म्हणाली असती!"

"तोंडाने मागायची ती मजुरी," म्हातारी म्हणाली. "सावड मागत नाहीत. ठेवलेली कुदळ दिसते ना माणसाला."

शेजारच्या बाईने हळूच सांगितलं, त्या हंड्यासाठी जोकुडुने अंगावरचं एकुलतं धड लुगडं विकलं होतं. संध्याकाळी ते अन्न वस्तीतल्या पोरांना वाटून टाकलं.

घरी कशी आले माहीत नाही. आई, तू मीठ विसरायचीस. कुदळ विसरली नव्हतीस. चाळीस वर्षं मी ती गोष्ट लोकांना हसत सांगितली. आणि तिच्या कुदळीने मी चूल खणली, वर धारेचं कौतुक केलं तिच्या तोंडावर. "बरं झालं" म्हणाली ती मला. शिवी दिली असती तर सोसलं असतं.

४ मे

सकाळी अमानियोला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, आता रडून काय. ती उठली, आत गेली, आपली कुदळ घेऊन बाहेर आली. "दोन दिवस राबली ती माझ्याकडे. हे मी डोक्यावर घेऊन मरू की काय? चल."

"पट्टी आता वीटवाल्याची."

"काकांचं मी बघते."

तिने वुनीकाकांना भर अंगणात काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. मी आयुष्यभर त्या तोंडाला नावं ठेवली, आज ते तोंड कामी आलं. काका शेवटी म्हणाले, रविवारपर्यंत थांबतो, पण माझ्या अंगणातून हिला न्या.

५ मे

उजाडता निघालो. मी पुढे, माझी कुदळ खांद्यावर, जोकुडुची हातात. मागे अमानियो, शेजारच्या दोघी, त्यांच्या सुना. ओढ्यापाशी आलो तर वस्तीतल्या बायका आधीच उभ्या.

गुडघ्यांनी दुपारीच हात टेकले, मग मी बसून सरकत सरकत खणलं. मुळं निघता निघेनात. एवढं सगळं एकटीने ती कोपऱ्यात ओरबाडत होती, फुटक्या पात्याने. मी रडत होते आणि खणत होते, आणि अमानियो ओरडत होती, "वहिनी, माती भिजवायला पाऊस पुरे आहे!" दिवस मावळायच्या आत पट्टी खणून झाली, माझ्या बियाण्याचा भुईमूग पेरून झाला.

पोनिआजीने हंडं चढवलं होतं. जोकुडुनेच आणलेला कसावा होता त्यात. घास फिरत होता तोंडात, पण न खाऊन कसं चालेल. खाल्ला.

निघताना कुदळ तिच्या ताडपत्रीला टेकवून ठेवली.

७ मे

आज सकाळी दार उघडलं तर अंगणात पोनिआजी. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने कुणाच्या तरी नातीचा खांदा धरलेला. इतक्या लांब, चिखलातून. नातीला परत पाठवून ती भिंतीशी बसली आणि हाताने चाचपत शेंगांची टोपली पुढे ओढली.

मी घाबरून म्हटलं, "आजी, अहो हे काय करताय? उठा, आत या, दूध देते. तुम्ही कशाला हात लावताय?"

तिने शेंग फोडली, दाणे एकीकडे, टरफल दुसरीकडे. बोटांना डोळे असल्यासारखी. "परवा तू माझ्याकडे आलीस. आज मी तुझ्याकडे."

"त्याचं काय एवढं! ते तर आम्ही जोकुडुचं देणं—"

"तिचं तिच्याबरोबर गेलं. ते तुला फिटायचं नाही." आवाज शांत होता. राग असता तर बरं झालं असतं. "हे माझं आहे. नको म्हणतेस? मग परवा काय भीक घालायला आली होतीस?"

मी दुसरी टोपली घेतली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. दुपारपर्यंत आम्ही शेंगा फोडल्या. मग ती जेवली, भांडं स्वतः घासलं, चाचपून पालथं घातलं, आणि विचारलं, "तुझं खुरपण कधी धरणार आहेस?"

पुढच्या आठवड्यात, मी म्हटलं.

"मला दिसत नाही," ती म्हणाली. "दाराशी ठेवलीस तर आवाज करून ठेव."